सोळा मिनिटांची रेकॉर्ड आणि आंब्याची उचल

यंदा गणपतीला भाचा मुंबईहून आला आणि माळ्यावरची माझ्या मामाची पेटी खाली काढून बसला. मामा बोटीवर होता. रत्नागिरीतल्या कितीतरी घरांत असा एकजण असायचा, वर्षातले दहा महिने पाण्यावर आणि दोन महिने घरी. त्याच्या पेटीत रेकॉर्ड होत्या. भाच्याने त्यातली एक काढून लावली आणि मला हाक मारली, "आत्या, हा माणूस झोपेत गातोय काय गो?"

आवाज खरंच जड, ओढलेला, विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता. मी प्लेअरची कळ ३३ वरून ४५ वर सरकवली. गिटार एकदम खणखणीत वाजली आणि एक तरुण, जरा फाटक्या गळ्याचा माणूस घाईघाईने गायला लागला. सोळा मिनिटांत सगळं संपलं. "एवढंच?" भाचा म्हणाला. मग त्याने मुखपृष्ठावरची ओळ वाचली: २.९९ पौंडांपेक्षा जास्त देऊ नका.

तो स्वतः गाणी करतो, ॲपवर टाकतो. लोक ऐकतात, पैसे येत नाहीत, आणि ते का येत नाहीत हे त्याला कोणी नीट सांगत नाही. त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर मांडते. ही छोटी रेकॉर्ड समजली की गाण्यातल्या पैशाचा बराचसा गुंता सुटतो, असं मला मनापासून वाटतं.

कोणाची रेकॉर्ड, कधीची

गायकाचं नाव बिली ब्रॅग. जन्म १९५७चा, लंडनच्या पूर्वेकडच्या बार्किंगचा. 'लाइफ्स अ रायट विथ स्पाय व्हर्सेस स्पाय' हा त्याचा पहिला अल्बम जुलै १९८३ मध्ये आला. सात गाणी, एक माणूस, एक इलेक्ट्रिक गिटार. ढोल नाही, कोरस नाही. पुढे तो इंग्लंडमधला कामगारांच्या बाजूने गाणारा मोठा गायक झाला, १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपात त्यांच्यासाठी गात फिरला. पण ते नंतरचं.

मामाने ही रेकॉर्ड १९८४ मध्ये घेतली, बोट टिलबरीला लागली होती तेव्हा. टिलबरी हे थेम्सवरचं बंदर, बार्किंगपासून नदीने खाली. मामाला इंग्रजी गाण्यांतलं फारसं कळत नसे. ही का घेतलीस, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "किंमत छापलेली होती. परक्या बंदरात आपल्याला बघून कोणी जास्त मागेल ही भीती नाही." मी तेव्हा लहान होते. ही गोष्ट किती नेमकी होती ते फार उशिरा कळलं.

आधी वेगाचं सांगते

भाच्याला जे ऐकू आलं त्याचं कारण सोपं आहे. रेकॉर्डवर एकच लांब खाच असते, कडेपासून मध्याकडे गोल गोल जाणारी. तिच्या भिंतींवरची बारीक थरथर म्हणजे आवाज. सुई त्या थरथरीवरून जाते. मोठी, बारा इंची रेकॉर्ड साधारणपणे मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते. ही मात्र ४५ फेऱ्यांसाठी कापलेली आहे. फेरे कमी केले की तीच थरथर सावकाश सुईखाली येते, म्हणून गाणं लांबतं आणि सूरही उतरतो. सोळा मिनिटांचं साडेएकवीस मिनिटं होतं, आणि षड्ज खाली येऊन जवळपास मंद्र पंचमावर बसतो. हार्मोनियमवर सा धरून खालचा प दाबून पाहा, तेवढी घसरण.

मग ४५ वर कापायचीच कशाला? वेग जास्त असला की प्रत्येक सेकंदाला जास्त लांबीची खाच सुईखालून जाते. कडेच्या बाजूला ३३ वर सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर, तर ४५ वर ७० सेंटिमीटरच्या आसपास. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं की कसं स्पष्ट दिसतं, तसं. जागा मात्र लवकर संपते. सोळाच मिनिटांचा मजकूर असल्यामुळे इथे ते परवडलं.

ही चूक भाच्याआधी एका फार मोठ्या माणसाने केलेली आहे. जॉन पील हा बीबीसी रेडिओचा निवेदक, नव्या गायकांना हवेवर आणणारा. एकदा कार्यक्रमात तो बोलता बोलता म्हणाला की भूक लागली आहे. ब्रॅगने ते ऐकलं आणि मशरूम बिर्याणी घेऊन थेट बीबीसीच्या इमारतीत हजर झाला. पीलने त्याचं गाणं लावलं, ते चुकीच्या वेगाने. नंतर त्याने आवर्जून सांगितलं की बिर्याणी नसती तरी लावलं असतं.

उचल म्हणजे काय, हे कोकणात सांगायला नको

आता पैशाकडे येते. तीन शब्द लागतील.

पहिला, रॉयल्टी: गाणं विकलं की त्यातला गायकाचा ठरलेला वाटा. दुसरा, ॲडव्हान्स: हा वाटा विक्रीआधीच हातात देणं. तिसरा, वसुली: आधी दिलेले पैसे गायकाच्या वाट्यातून कापून घेणं.

ज्यांच्या घरी कलमं आहेत त्यांना हे तिन्ही माहीत आहेत, फक्त नावं वेगळी. आमच्या बाबांना फवारणीसाठी, राखणीसाठी मोसमाआधी पैसे लागत. ते वाशीच्या दलालाकडून येत. त्याला उचल म्हणायचं. मग आंबा काढायचा, पेट्या भरायच्या आणि त्याच दलालाकडे पाठवायच्या. तो म्हणेल तो भाव. मोसम संपला की पट्टी यायची. पट्टी म्हणजे हिशेबाचा कागद: इतक्या पेट्या, हा भाव, वजा भाडं, वजा हमाली, वजा दलाली, वजा मागची उचल. बाबा तो कागद ओटीवर बसून दोनदा वाचत आणि घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवत. शेवटच्या ओळीत पुष्कळदा बाबांच्या नावावरच काही देणं निघे. म्हणजे पुढच्या वर्षीचा आंबाही तिथेच.

त्या दलालाने कधी आम्हाला फसवलं, असं मी म्हणणार नाही. तो अडीनडीला उभा राहिला. पण बाबांना दुसरीकडे भाव विचारायची सोय उरली नव्हती, हेही खरं.

रेकॉर्ड कंपनीचा करार बहुतेक असाच चालतो. समजण्यासाठी मनाने आकडे घेऊ. रेकॉर्ड १०० रुपयांना, गायकाचा वाटा १० टक्के. कंपनीने स्टुडिओ, वादक आणि गायकाला हातखर्चाला मिळून ५ लाख रुपये घातले. एका रेकॉर्डमागे गायकाच्या खात्यात १० रुपये जमा होतात, पण ते त्याला मिळत नाहीत, उचलीत वळते होतात. ५ लाख फिटायला ५०,००० रेकॉर्ड विकाव्या लागतील. तोवर एकूण विक्री ५० लाखांची झालेली असते आणि गायकाच्या पट्टीवर शून्य. आता तोच खर्च २०,००० रुपये असेल तर? २,००० रेकॉर्ड विकल्या की पुढची प्रत्येक रेकॉर्ड त्याला पैसे देते.

आणि इथे आंब्यापेक्षा वाईट एक गोष्ट आहे. बाबांची उचल फिटली तर कलमं बाबांचीच राहात. नेहमीच्या करारात गायकाने स्वतःच्या वाट्यातून सगळा खर्च फेडला तरी ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचं राहतं. कर्ज फिटलं, बाग सावकाराचीच.

या रेकॉर्डवर कर्ज का नव्हतं

आता ब्रॅगची गोष्ट वेगळी दिसायला लागते. त्याच्याकडे कंपनी नव्हती. करिश्मा नावाच्या कंपनीच्या कचेरीत तो टीव्ही दुरुस्त करणारा म्हणून शिरला आणि पीटर जेनर नावाच्या अधिकाऱ्यापर्यंत आपली टेप पोचवली. कंपनी डबघाईला आलेली, जेनरला गाणी आवडली पण द्यायला पैसे नाहीत. त्याच सुमारास गाण्यांच्या शब्द-चालीचे व्यवहार पाहणाऱ्या चॅपेल या प्रकाशन कंपनीला त्याच्याकडून नमुन्याची ध्वनिमुद्रणं हवी होती. ती फेब्रुवारी १९८३ मध्ये तीन दिवसांत झाली, आणि तीच जेनरने अल्बम म्हणून काढली. म्हणजे आपण ऐकतो तो खरं तर कच्चा मसुदा आहे. वर्षअखेरीस गो डिस्क्स या नव्या छोट्या कंपनीने तो पुन्हा काढला, त्याच २.९९ पौंडांना.

लाखोंचा स्टुडिओ नाही, म्हणून डोंगराएवढी उचल नाही. म्हणून किंमत खाली ठेवता आली. आणि किंमत खाली ठेवता आली म्हणून ती मुखपृष्ठावर छापून टाकली, म्हणजे दुकानदाराला वाढवता येऊ नये. एक गिटार हा त्याच्या आवडीचा भाग होताच, पण तो हिशेबाचाही भाग होता.

त्याच्या आयुष्यात याआधीही असं एक बिल आहे. १९८१ मध्ये तो ब्रिटिश सैन्यात भरती झाला होता. तीन महिन्यांत लक्षात आलं की हे आपलं नाही. १७५ पौंड भरून त्याने स्वतःला सोडवून घेतलं. मोकळं व्हायला काय पडतं हे त्याला रोख माहीत होतं.

पण यात राजकारण कुठे आहे?

भाच्याची पहिली शंका हीच होती. गाणी ऐकली तर निम्मी प्रेमाची. सगळ्यात गाजलेल्या 'अ न्यू इंग्लंड'मध्ये तर गायक सांगतो की मला जग बदलायचं नाही, नवा देश घडवायचा नाही, मी फक्त दुसरी मुलगी शोधतोय. राजकीय गायकाच्या पहिल्या अल्बममध्ये हे?

इथे १९८३ आठवावं लागतं. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या ३० लाखांच्या वर गेली होती. अल्बम येण्याच्या महिनाभर आधी, जून १९८३ मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर पुन्हा निवडून आल्या होत्या. 'टू हॅव अँड टु हॅव नॉट' या गाण्यातला मुलगा शाळा पूर्ण करून बाहेर पडतो आणि त्याला कळतं की हातातल्या कागदाला किंमत नाही, कारखाने बंद होतायत. दुसऱ्या एका गाण्यात मासिकं एका मुलीला सौंदर्य विकतायत. हे सगळं एकाच गल्लीत घडतंय असं ऐकताना वाटतं, आणि प्रेमाची गाणीही त्याच गल्लीतली आहेत. ज्याला नोकरी नाही त्याचं प्रेमही तसंच अडकलेलं असतं.

हे आपल्याला परकं वाटू नये. त्याच जानेवारी १९८२ मध्ये, १८ तारखेला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्यातले कितीतरी आमच्याच बाजूचे. गावोगावच्या मनीऑर्डरी थांबल्या. आमच्या वाडीत त्या वर्षी जे चाकरमानी गणपतीला आले, त्यातले काही परत गेलेच नाहीत.

आणि प्रेमाच्या गाण्यात राजकारण कसं राहतं, हे तर अण्णाभाऊ साठ्यांनी कधीच दाखवलं आहे. 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड ऐका. मुंबईत पोटासाठी आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ झालाय, आणि तीच ताटातूट पुढे संयुक्त महाराष्ट्राची होते. विरह आणि मागणी वेगळी काढताच येत नाही. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने डफ-तुणतुण्यावर मैदानं भरवली. त्यांनाही मोठ्या वाद्यवृंदाची गरज पडली नाही. ब्रॅगची गिटार मला त्या डफाच्या शेजारी ठेवावीशी वाटते, कारण दोन्ही एका माणसाला उचलून चालता येतात.

सोळा मिनिटांना २.९९, ही स्वस्ताई कसली?

हा आक्षेप मला रास्त वाटतो. नेहमीच्या अल्बममध्ये ४० मिनिटांच्या आसपास गाणी असतात. मिनिटाचा दर काढला तर ही रेकॉर्ड काही स्वस्त ठरत नाही.

पण मोजकेच पैसे खिशात असलेला माणूस मिनिटाचा दर काढत नाही. तो बघतो की आपल्याला उंबरठा ओलांडता येतोय का. मिरकरवाड्याच्या जेटीवर पूर्ण सुरमई किलोच्या भावाने परवडत असली तरी हातात दोनशे रुपये असलेली बाई बांगड्यांचा वाटाच घेते. त्या वाट्यामुळे तिच्या घरी त्या दिवशी मासे शिजतात. बेकार मुलाला रेकॉर्ड परवडावी, हा त्या किमतीचा अर्थ होता.

रेकॉर्ड माझी, मग गाणं माझं का नाही?

भाचा लगेच म्हणाला, "आपण ही मोबाईलवर घेऊन टाकूया, लोकांना ऐकायला मिळेल." हेतू चांगला. तरी मी नाही म्हटलं.

आंबा विकत घेतला म्हणजे कलम विकत घेतलं असं होत नाही. रेकॉर्ड माझी आहे, ती मी ऐकू शकते, कोणाला देऊ शकते, विकूही शकते. पण तिच्या नकला काढून वाटायचा हक्क वेगळा, आणि तोही एक नसून दोन. एक हक्क शब्द-चालीचा, म्हणजे गाणं रचणाऱ्याचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे त्या दिवशी मुद्रित झालेल्या आवाजाचा. आपल्या कायद्यात शब्द आणि चालीवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि ध्वनिमुद्रणावरचा प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९८३ची ही रेकॉर्ड त्या हिशेबाने २०४३ संपेपर्यंत राखीव आहे.

दोन हक्क वेगळे असतात याचा फायदा खुद्द ब्रॅगला झाला. कर्स्टी मॅकॉल या गायिकेने 'अ न्यू इंग्लंड' स्वतः गायलं. मूळ गाणं फारच छोटं म्हणून त्याने तिच्यासाठी आणखी एक कडवं लिहून दिलं. १९८५ मध्ये ते ब्रिटनमधल्या खपाच्या गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. आवाज तिचा, ध्वनिमुद्रण तिच्या कंपनीचं, पण शब्द-चाल त्याची, म्हणून रचनाकाराचा वाटा त्याचा.

कागद वाचण्याची त्याची सवय पुढेही सुटली नाही. २००६ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळाच्या अटी वाचून त्याने आपली गाणी तिथून काढून घेतली, कारण चढवलेल्या गाण्यांवर मायस्पेसला हक्क मिळतो असा त्या अटींचा अर्थ निघत होता. महिनाभरात मायस्पेसने अटींची भाषा बदलली.

मग ॲपवर पैसे कमी का येतात?

ॲप साधारणपणे जमा झालेल्या पैशातला मोठा हिस्सा हक्कधारकाला देतं. हक्कधारक म्हणजे पुष्कळदा गायक नव्हे, कंपनी. कंपनी पुढे गायकाला किती देते हे त्यांच्यातल्या करारावर. त्या करारातला टक्का रेकॉर्डच्या काळातला असेल, जेव्हा छपाई, गोदाम, वाहतूक सगळं कंपनीला करावं लागे, तर आज ते खर्च जवळपास नाहीत तरी टक्का तोच. भाड्याचा टेम्पो बंद झाला तरी पट्टीवर भाडं वजा होत राहावं, तसं.

ज्याची गाणी थेट त्याच्याच नावावर आहेत, जसा भाचा, त्याची अडचण वेगळी: त्याच्या पट्टीवर वजावट नाही, पेट्याच कमी आहेत. त्याला ऐकणारे वाढवावे लागतील. पण उद्या कोणी मोठी रक्कम पुढे करून कागद सरकवला, तर ती रक्कम बक्षीस नसून उचल आहे हे त्याला आता माहीत आहे.

आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात एक मोलाची दुरुस्ती झाली. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर मोठा आग्रह धरला होता. गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा हक्क तीत आहे, आणि तो हक्क लिहून देऊन टाकता येत नाही, वारस किंवा रचनाकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी संस्था सोडून. चित्रपटगृहात चित्रपट दाखवला जातो तेवढी जागा यातून वगळली आहे.

आणि याने काही बदललं का?

थॅचर १९८७ मध्ये पुन्हा निवडून आल्या. खाणकामगारांचा संप मोडला. गिरणी संपाचं काय झालं ते आम्हाला कोणी सांगायला नको. गाण्याने सरकार पडतं असं मी मानत नाही. पण बिली ब्रॅग चाळीस वर्षांनंतरही गातोय, त्याला हवं ते गातोय, आणि त्याची सुरुवात त्या न घेतलेल्या उचलीत आहे हे मला मामाच्या या रेकॉर्डमधून दिसतं. त्याच काळात रत्नागिरीतले शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे दोन फडांच्या सवाल-जवाबाच्या गाण्यांचे, कितीतरी शाहीर एकरकमी पैशांवर कॅसेट देऊन मोकळे झाले.

आमच्या शेजारच्या वाडीत त्यातले एक आहेत. वय आता पंच्याहत्तरीच्या पुढे. जाखडीला, म्हणजे याच गाण्यांच्या नाचाला, उभे राहिले की समोरच्या फडाला सवाल टाकून गप्प करायचे. त्यांची कॅसेट माझ्याकडे आहे, मामाच्याच पेटीत. तिच्यावर त्यांचं नाव बारीक अक्षरात आणि कंपनीचं मोठ्या. आरतीनंतर मी आणि भाचा त्यांच्याकडे गेलो, विचारलं, तुम्ही सही केलेला कागद आहे का हो काका?

"असंल," ते म्हणाले. "तेव्हा वाचला कुणी? पैसे हातावर ठेवलेन, सही केली."

काकींनी पत्र्याची ट्रंक ओढून काढली. वर जुनी रेशनकार्डं, खाली गाण्यांच्या वह्या, कसर लागलेल्या. कागद अजून सापडलेला नाही. भाचा दिवाळीत परत येणार आहे, तोवर मी वह्यांचे फोटो काढून ठेवते आहे, प्रत्येक पानावर काकांची सही आणि तारीख घेऊन.